ओळख देणारा इसम

"हा दस्त मी नोंदवला नसता," अप्पा म्हणाले.

दस्त कसला, संगणकाच्या पडद्यावरची एवढीशी चौकट होती ती. तिच्यात दोनच ओळी महत्त्वाच्या. दाखला कोणाला दिला, तर सारिका शेटे. दाखला कोणी दिला, तर सारिका शेटे. सकाळपासून डोकेफोड करून ती चौकट मी कशीबशी उभी केली होती आणि आता आईकडे चहा मागावा म्हणत होते, तोवर अप्पा खुर्चीमागे येऊन उभे.

"लिहून देणार तू, लिहून घेणारही तूच. साक्षीदार कुठंय?"

"यात साक्षीदार नसतो, अप्पा. आपणच आपल्याला दिलेला दाखला आहे हा."

"मग त्याला दाखला कशाला म्हणायचं?" एवढं बोलून ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचायला निघून गेले. माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

करोनाच्या आधीची गोष्ट. पुण्यातली चांगली नोकरी सोडून मी बार्शीला घरी येऊन बसले होते. 'येऊन बसले' हे अप्पांचे शब्द. मी म्हणायचे, स्वतःचं काम सुरू केलंय. त्या कामाचं पहिलं फळ म्हणजे वाचनालयांसाठी केलेलं एक सॉफ्टवेअर. कोणतं पुस्तक कोणी नेलं, कधी परत आणणार, कुठल्या कपाटात जाणार, सगळं मराठीत आणि खेड्यातल्या ग्रंथपालाला हात न थरथरता वापरता येईल असं. तालुक्याच्या वाचनालय संघानं ते घ्यायचं तोंडी कबूल केलं होतं. येत्या रविवारी गावोगावचे ग्रंथपाल आपापले लॅपटॉप घेऊन संघाच्या हॉलमध्ये जमणार होते आणि तिथं सगळ्यांसमोर ते त्यांच्या यंत्रांवर चढवायचं होतं. चढलं, तर माझं काम उभं राहणार. नाही चढलं, तर सोमवारी पुण्याच्या जुन्या साहेबांना 'येते' म्हणून कळवायचं, असं घरात ठरलेलं. त्यांची मेल उत्तराची वाट बघत पडून होती आणि अप्पा रोज जेवताना न चुकता विचारायचे, "पुण्याला कळवलंस का?"

सॉफ्टवेअर तयार होतं, तक्रार त्याची नव्हतीच. पण हल्लीचे संगणक सोवळं पाळतात. कुणा परक्याचं सॉफ्टवेअर समोर आलं की पहिला प्रश्न, हे कुणाचं, याच्यावर शिक्का कुठंय. असा शिक्का देणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांना आपली फर्म नोंदलेली लागते, तिचे कागद लागतात, आणि माझी फर्म त्या वेळी फक्त माझ्या डोक्यात होती. तोपर्यंतचा उपाय म्हणजे आपणच आपल्या नावाचा दाखला बनवायचा आणि तो सॉफ्टवेअरला जोडायचा. मग ज्याच्या यंत्रावर ते टाकायचं, त्यानं तो दाखला आपल्या यंत्रातल्या 'विश्वासू लोक' नावाच्या कप्प्यात ठेवायचा. त्यानं तो तिथं ठेवला की यंत्र मुकाट्यानं आत घेतं. सगळ्या जगात नवे लोक असंच करतात. हे मी अप्पांना समजावून सांगितलं, आणि तिथंच माझं चुकलं. न सांगता केलं असतं तर निदान चहा गरम मिळाला असता.

कारण अप्पा, म्हणजे महारुद्र शेटे, निबंधक कचेरीत राजपत्रित अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. जमिनीचे, घरांचे, वाटण्यांचे दस्त त्यांच्यासमोर नोंदले जायचे. अख्खी बार्शी झेरॉक्सवर 'खरी प्रत' म्हणून शिक्का मारून घ्यायला आमच्या दारात यायची आणि अप्पा हातातला घास ठेवून शिक्का मारून द्यायचे. फक्त माझ्या कागदांवर मारायचे नाहीत. घरच्या कागदावर घरचा शिक्का चालत नाही, असं म्हणायचे. दहावीच्या सुट्टीत मी भर उन्हात जनावरांच्या दवाखान्यापुढे, एका पाय मोडलेल्या म्हशीमागे उभी होते, कारण राजपत्रित शिक्का मिळण्याचं जवळचं ठिकाण तेच होतं. माझ्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर अजून पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शिक्का आहे. कॉलेजातल्या मैत्रिणी तो दाखवून हसायच्या आणि मीही हसायचे, पण आतून लागायचं ते लागायचंच.

तर असा माणूस खुर्चीमागे उभा राहिल्यावर काम काय होणार. मंगळवारी अप्पा आले आणि म्हणाले, "नुसतं सारिका शेटे असं लिहिलंयस. बार्शीत या नावाच्या बायका काय कमी निघतील? नाव पूर्ण पाहिजे."

म्हटलं कटकट नको. दाखल्यात वडिलांचं नाव घातलं, सारिका महारुद्र शेटे. पुन्हा सगळ्या कमांड दिल्या, पुन्हा पासवर्ड घातला, दाखला सॉफ्टवेअरला जोडायला गेले तर लालभडक एरर. त्यात शब्द एकही नाही, नुसते आकडे. जेवण सोडून त्या आकड्यांचा अर्थ शोधत बसले तेव्हा दुपारी कळलं, की सॉफ्टवेअरच्या पोटात करणाऱ्याचं नाव 'सारिका शेटे' आहे आणि दाखल्यात 'सारिका महारुद्र शेटे'. दोन्हीकडे नाव तंतोतंत एकच पाहिजे, नाहीतर जोडणार नाही. यंत्रसुद्धा अप्पांच्याच कचेरीतून निवृत्त झालेलं असावं. मी तिरमिरीत दोन्हीकडे पुन्हा नुसतं सारिका शेटे करून टाकलं आणि बाहेर जाऊन अप्पांना ऐकवलं, की तुमच्या नावानं माझा अर्धा दिवस खाल्ला. त्यांनी पेपराचं पान उलटलं. आई म्हणाली, "अगं, भाकरी तरी खा, मग भांड."

बुधवारी मात्र माझा तोल गेला. जेवताना पुन्हा तेच, साक्षीदाराशिवाय दाखला कसा, उद्या कुणीही उठून कुणालाही दाखला देईल. मी ताटावरून उठले आणि संगणकाशी जाऊन नवीन दाखला बनवला. दाखला कोणाला, सारिका शेटे. कोणी दिला, महारुद्र शेटे. असंही करता येतं. बाहेर येऊन मी म्हणाले, "घ्या, आता देणारे तुम्ही. झालं समाधान?"

अप्पा आत आले, ती चौकट त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं आवाज चढवतील, पण ते फार हळू बोलले.

"मला विचारलंस?"

"नाही."

"माझी सही मला न विचारता केलीस. कचेरीत असा एक माणूस आला होता, मी त्याला पोलिसांत दिला होता."

मी तो दाखला त्यांच्यासमोर पुसून टाकला. चूक माझी होती हे कळत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. जन्मभरात एकदा तरी या माणसानं माझ्या कागदावर आपणहून सही करावी, तर ते नाही, आणि मी केली तर पोलीस. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांशी बोललो नाही आणि आई दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत राहिली.

गुरुवारी सगळं तयार होतं. नाव जुळलं होतं, दाखला जोडला होता, माझ्या दोन्ही यंत्रांवर सॉफ्टवेअर नीट चढलं होतं. सहज म्हणून मी शेवटचं एकदा तपासायला बसले. खोटे सभासद घातले, त्यांना खोटी पुस्तकं दिली. एका सभासदाचं गाव बदलून बघितलं, तर त्यानं नेलेली पुस्तकं गायब. म्हणजे माणूस एका गावातून दुसऱ्या गावाला राहायला गेला, की त्याच्याकडची पुस्तकं वाचनालयाच्या हिशेबी त्याच्याकडे नाहीतच. वरून बघताना काही दिसत नव्हतं. हे रविवारी कुणाच्या लक्षात आलं नसतं, वर्षभरही आलं नसतं कदाचित.

कपाळावर हात मारून घेतला. दुरुस्त करायचं म्हणजे आतली अर्धी घडी विस्कटायची, आणि मग पुन्हा सगळं बांधायचं, पुन्हा दाखला जोडायचा, पुन्हा ते आकडे आणि तो पासवर्ड. नकोसं झालं होतं. तरी सगळं उचकटलं आणि बसले. अप्पा दारात येऊन बघत होते. आदल्या दिवसापासून बोलले नव्हते, ते आपणहून बोलले.

"सकाळी तर आईला झालं म्हणालीस."

काय चुकलं होतं ते मी सांगितलं.

"कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

"मग?"

"मला कळलंय ना," मी वैतागून म्हणाले. "आणि आता तुम्ही दारातून हला, उजेड अडतोय."

ते हलले. दुपारभर कुणी माझ्या खुर्चीमागे आलं नाही. मी आपली, आज छळ चुकला म्हणून खूश.

रविवारी हॉल भरला होता. संघाचे अध्यक्ष गव्हाणे सर, निवृत्त मुख्याध्यापक, तसे चांगले गृहस्थ. पण दिवाळीत एका वाचनालयाच्या यंत्रात कुणी तरी पेन ड्राइव्ह घातला आणि पुस्तकांची सगळी नोंद नाहीशी झाली, तेव्हापासून ते ताकही फुंकून प्यायला लागले होते. अप्पाही आले होते. ते शहरच्या वाचनालयाचे जुने सभासद, त्यांना बोलावणं होतं. पण माझ्याबरोबर पुढं बसायला तयार नाहीत. घरच्या माणसानं पुढं बसणं बरं दिसत नाही म्हणून थेट शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

पहिला लॅपटॉप वैरागकडच्या एका गावच्या ग्रंथपाल थोरबोले बाईंचा. वयस्कर बाई, लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून आणलेला. मी सॉफ्टवेअर टाकलं आणि पडद्यावर ठरल्याप्रमाणे सूचना आली, की हे करणारी व्यक्ती ओळखीची नाही. मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आधी एक दाखला ठेवून घ्यायचा. गव्हाणे सर खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा लावला आणि त्यांनी चौकटीतलं मोठ्यानं वाचलं.

"दाखला कोणाला, सारिका शेटे. कोणी दिला, सारिका शेटे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कसं काय बाई?"

मी समजावलं. फर्मचे कागद, परदेशातल्या कंपन्या, नवे लोक असंच करतात, सगळं. जसजशी सांगत गेले तसतसं माझं मलाच ते लंगडं वाटायला लागलं. मागं कुजबुज सुरू झाली. कुणी तरी दिवाळीतल्या पेन ड्राइव्हची आठवण काढली. एका ग्रंथपालानं आपला लॅपटॉप बंदसुद्धा केला. गव्हाणे सरांनी मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडे बघितलं.

"शेटेसाहेब, तुमचा जन्म कचेरीत गेला. लिहून देणार आणि लिहून घेणार एकच असलेला दस्त तुम्ही नोंदवला असता का?"

सगळ्या माना मागं वळल्या. मी नाही वळवली. मला उत्तर माहीत होतं.

"नाही," अप्पा म्हणाले.

त्या क्षणी मला अप्पांचा इतका राग आला, की तो आजही तसाच आठवतो. खोटं बोला असं कोण म्हणत होतं? गप्प बसता आलं असतं. पण नाही, आठवडाभर घरात ऐकवलेलं चार माणसांत ऐकवल्याशिवाय यांना अन्न पचणार कसं. मी पुण्याच्या मेलचं पहिलं वाक्य मनात लिहायला घेतलं आणि वायर गुंडाळायला लागले. थोरबोले बाईंनी दुपटं उचललं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा दोन रांगांमधून पुढं येत होते, कचेरीत यायचे तसे, सावकाश, कुणाला धक्का न लावता.

"सर, तुम्ही दस्त म्हणून विचारलंत म्हणून मी नाही म्हटलं," ते म्हणाले. "पण हा दस्त नाही. मीही सहा दिवस तेच चुकत होतो." मग माझ्याकडे वळले. "हे सॉफ्टवेअर चांगलं आहे असं हा दाखला म्हणतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय म्हणतो?"

"हे मी केलंय, एवढंच. आणि माझ्या हातून निघाल्यावर मधे कुणी त्यात हात घातलेला नाही."

"म्हणजे ही नुसती ओळख झाली." अप्पांनी हॉलकडे तोंड केलं. कचेरीत साक्षीदार वेगळा आणि ओळख देणारा इसम वेगळा, असं त्यांनी सांगितलं. साक्षीदार सहीचा, तो परका बरा. ओळख देणाऱ्याला दस्तात काय लिहिलंय याच्याशी कर्तव्य नाही. समोर बसलेलं माणूस तेच आहे आणि मी त्याला व्यक्तिशः ओळखतो, एवढंच त्यानं सांगायचं. "इथं ओळख कोण देतो?"

"ज्याचं यंत्र असेल तो," मी म्हटलं. "त्यानं दाखला विश्वासू लोकांत ठेवायचा."

"म्हणजे थोरबोले बाईंनी. पण त्या हिला ओळखत नाहीत."

"तुम्हाला ओळखते की साहेब," बाई म्हणाल्या. "आमच्या रानाची वाटणी तुमच्यापुढंच झाली. दिरानं कागद पुढं केला तर तुम्ही म्हणालात, आधी बाईला वाचून दाखवा."

"मग हिला मी ओळखतो," अप्पा म्हणाले. "व्यक्तिशः ओळखतो. सॉफ्टवेअर चांगलं का वाईट ते तुम्ही वापरून ठरवा, त्याची हमी मी देणार नाही."

एवढं शेवटचं बोलायची काही गरज होती का? पण गव्हाणे सरांचा चेहरा सैल झाला होता. शिक्षकच शेवटी, कुणी वर्गात उभं राहिलं की प्रश्न विचारल्याशिवाय खाली बसवायचे नाहीत.

"साहेब, ओळख देणाऱ्याला नातं विचारतात."

"विचारा."

"नातं?"

"मुलगी."

"आणि कधीपासून ओळखता?"

नोंदवून घेण्याआधी तारीख आठवावी तसं अप्पांनी छताकडे बघितलं.

"जन्मल्यापासून," ते म्हणाले. "पण नीट ओळखतो ते गेल्या गुरुवारपासून."

हॉलमध्ये हसू पसरलं. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी थोरबोले बाईंच्या लॅपटॉपवर वाकले आणि वाकूनच राहिले, कारण पडद्यावरचं काही दिसेना, सगळं पाण्यात गेलं होतं. बाईंनी आपणहून बोट पुढं केलं. "कुठं दाबू गं?" त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. दाखला विश्वासू लोकांत गेला, आणि सॉफ्टवेअर एक शब्द न बोलता आत जाऊन बसलं.

मग एकेक लॅपटॉप पुढं येत गेला. अप्पा प्रत्येकाजवळ जाऊन उभे राहिले. मी म्हणत होते, अप्पा, एकदा सांगितलंत ना सगळ्यांना, आता बसा. पण नाही. ओळख देणाऱ्यानं दर वेळी हजर असावं लागतं म्हणे. प्रत्येक यंत्रासमोर तेच वाक्य, व्यक्तिशः ओळखतो, आणि चौकट अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय कुणाला बटण दाबू देईनात. अर्ध्या तासाचं काम दुपार उलटून गेली तरी संपेना. लोकांचे डबे गार झाले, गव्हाणे सरांनी दोनदा घड्याळ बघितलं, मी तर रडकुंडीला आले. पण एकही लॅपटॉप मागं राहिला नाही.

घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, काय झालं. "चढलं," अप्पा म्हणाले आणि पाय धुवायला गेले. माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर नाही, रस्त्यातही नव्हतं. स्कूटरवर मागे बसून फक्त, वळताना हात दाखव, असं दोनदा म्हणाले.

जेवणं झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला.

"पुण्याला कळवलंस का?"

हातातली ताटं खाली ठेवून मी विचारलं, "काय कळवू?"

"येत नाही म्हणून. उद्यापर्यंत माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं?"

मी संगणक उघडला. अप्पा खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्या दिवशी मी त्यांना हला म्हटलं नाही. चार ओळी लिहिल्या, आभार मानले, येणं जमणार नाही असं स्पष्ट लिहिलं. खाली नाव टाकलं, सारिका शेटे. मग थांबले. आता म्हणतील, नाव पूर्ण पाहिजे. पण ते नुसते वाचत होते.

मीच मागं जाऊन मधे महारुद्र घातलं, आणि मेल पाठवून दिली.